‘दिवस’, ‘झटका’ आणि ‘फुटणे’ : अर्धशिशीवरील एका उपचाराच्या परिभाषेची चिकित्सा

एखाद्या औषधाने गुण येतो किंवा येत नाही, हे विधान वरवर पाहता निसर्गाविषयीचे असते. परंतु ते मांडले जाते भाषेत, आणि मांडताना कोणते तरी एक नाम मोजण्यासाठी निवडावेच लागते. किती ‘दिवस’ कमी झाले, किती ‘झटके’ कमी झाले, वेदनेची तीव्रता किती उतरली, असे निरनिराळे प्रश्न विचारता येतात. आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असा काही नियम नाही. वैद्यकाचा अभ्यासक स्वाभाविकपणे उत्तरातील संख्येकडे पाहतो. ती संख्या ज्या नामाला जोडलेली असते त्या नामाची परीक्षा मात्र सहसा कोणी करीत नाही. क्रॉनिक मायग्रेन या विकारावर बोट्युलिनम विषाच्या सुया देण्याचा जो उपचार २०१० पासून अधिकृत मानला गेला, त्याच्या बाबतीत ही परीक्षा करणे विशेष अगत्याचे आहे. याचे कारण असे की हा उपचार एका नामावर अनुत्तीर्ण झाला आणि दुसऱ्या नामावर उत्तीर्ण झाला.

प्रथम नावांविषयी थोडेसे. मराठीतील ‘अर्धशिशी’ हा शब्द ‘अर्ध’ आणि ‘शीर्ष’ यांपासून आला आहे. (शिशीचा, म्हणजे बाटलीचा, त्याच्याशी काही संबंध नाही, पण लोकव्युत्पत्तीला विनोदाचे वावडे नसते.) ग्रीक ‘हेमिक्रेनिया’ म्हणजे अर्धी कवटी, तोच शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये झिजत झिजत ‘मिग्रेन’ झाला आणि तेथून इंग्रजीत गेला. आयुर्वेदाच्या ग्रंथांत याच विकाराच्या जवळचे नाव ‘अर्धावभेदक’ असे आहे. ‘अर्धशिशी’ आणि ‘हेमिक्रेनिया’ केवळ जागा सांगतात. ‘अर्धावभेदक’ जागेबरोबर क्रियाही सांगतो, कारण ‘अवभेद’ म्हणजे भेदणे. वेदनेच्या नावात क्रियापदाला स्थान असावे की नाही, हा प्रश्न येथे केवळ व्युत्पत्तीपुरता वाटेल. पण पुढे त्याचे महत्त्व दिसून येईल.

विषाच्या नावाची कथा अधिक विचित्र आहे. जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतातला वैद्य युस्टिनुस केर्नर याने खराब झालेल्या मांसभरित आतड्यांतून, म्हणजे सॉसेजमधून, होणाऱ्या विषबाधेचे तपशीलवार वर्णन १८१७ ते १८२२ या काळात प्रसिद्ध केले. केर्नर हा आपल्या काळातील नावाजलेला कवीही होता. त्याने या विषाचा प्रयोग स्वतःवर केला. ते मज्जातंतूंतून जाणारा संदेश अडविते असे अनुमान काढले. आणि ज्या विकारांत मज्जासंस्था अतिउत्तेजित झालेली असते त्यांवर हेच विष अल्प प्रमाणात औषध म्हणून चालेल, असेही सुचविले. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बोटुलुस’ म्हणतात, त्यावरून विषबाधेला नाव मिळाले. पुढे १८९५ साली बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्ययात्रेनंतरच्या भोजनात अनेकांना बाधा झाली आणि एमिल व्हान एर्मेंगेम याने त्या प्रकरणातून जंतू वेगळा केला. तो जंतू सापडला खारवलेल्या डुकराच्या मांडीत, पण नाव मात्र सॉसेजचेच टिकले. नावाने वस्तूचा माग सोडला तरी नाव चालू राहते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

हे विष औषध झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सान फ्रान्सिस्को येथील नेत्रवैद्य अ‍ॅलन स्कॉट याने तिरळेपणावर त्याचा उपयोग केला आणि आपले निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ साली तिरळेपणा व पापण्यांचे अनावर मिटणे यांसाठी त्यास मान्यता दिली. त्यानंतर त्याचे व्यापारी नाव ‘बोटॉक्स’ असे झाले, आणि वनस्पती तुपाचे ‘डालडा’ झाले त्याच रीतीने एका कंपनीचे नाव संपूर्ण द्रव्यवर्गाचे नाव होऊन बसले. मराठी वृत्तपत्रांत ‘बोटॉक्स’ हा शब्द आला तो सुरकुत्या आणि चित्रपटतारका यांच्या संगतीत. त्यामुळे डोकेदुखीने गांजलेल्या व्यक्तीस हा उपचार सुचविला असता ती, किंवा तिच्या घरची मंडळी, त्यात चैनीचा वास घेतात. ही केवळ शब्दाच्या संगतीची करामत आहे. त्यास वस्तुस्थितीचाही थोडासा आधार आहे, हे नाकारता येत नाही. डोकेदुखीवरील उपयोग ध्यानात आला तो सुरकुत्यांमुळेच. कॅलिफोर्नियातील शल्यवैद्य विल्यम बाइंडर याच्याकडे कपाळावरील सुरकुत्यांसाठी सुया घेणाऱ्या काही रुग्णांनी, आपली डोकेदुखीही कमी झाली, असे आपण होऊन सांगितले. बाइंडरने व त्याच्या सहकाऱ्यांनी ही निरीक्षणे २००० साली प्रसिद्ध केली. म्हणजे या उपचाराचा उगम रुग्णांनी न विचारता उच्चारलेल्या वाक्यात आहे.

विषाचे कार्य कसे चालते हे आता बऱ्याच अंशी उलगडले आहे. मज्जातंतूच्या टोकाशी स्नॅप-२५ नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या साहाय्याने तंतू आपली रासायनिक द्रव्ये बाहेर सोडतो. विषाचा एक भाग हे प्रथिन तोडतो. स्नायूला हुकूम देणाऱ्या तंतूत असे घडले म्हणजे स्नायू शिथिल होतो; वेदना वाहून नेणाऱ्या तंतूत घडले म्हणजे सीजीआरपी यांसारख्या, वेदना जागृत ठेवणाऱ्या द्रव्यांचा स्राव मंदावतो. सुरकुती जाणे आणि डोकेदुखी कमी होणे ही एकाच क्रियेची दोन फळे नव्हेत, तर दोन प्रकारच्या तंतूंवरील एकाच विषाची दोन कार्ये आहेत, असे आज मानले जाते. प्रमाणभूत पद्धतीत कपाळ, कानशिले, डोक्याची मागील बाजू, मान आणि खांदे येथील सात स्नायुगटांत एकूण ३१ ठिकाणी मिळून १५५ एकके टोचतात, आणि दर बारा आठवड्यांनी ही क्रिया पुन्हा करतात.

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. प्रीएम्प्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिली चाचणी उत्तर अमेरिकेत झाली आणि तीत ६७९ रुग्ण होते. दुसरी उत्तर अमेरिका व युरोप येथे झाली आणि तीत ७०५ होते. दोहोंतही निम्म्या रुग्णांना विषाच्या व निम्म्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याच्या सुया देण्यात आल्या आणि चोवीस आठवडे नोंदी ठेवण्यात आल्या. पहिल्या चाचणीचा मुख्य निकष ‘झटका’ हा होता. विष घेणाऱ्यांचे झटके सरासरी ५.२ ने कमी झाले. मिठाचे पाणी घेणाऱ्यांचे ५.३ ने. याचा सरळ अर्थ असा की औषधाचा काहीही उपयोग सिद्ध झाला नाही. परंतु त्याच रुग्णांच्या त्याच नोंदवह्यांतून ‘दिवस’ मोजले असता विषाच्या बाजूस ७.८ दिवसांची आणि पाण्याच्या बाजूस ६.४ दिवसांची घट दिसली. दुसऱ्या चाचणीचा मुख्य निकष, तिच्या निकालावरील पडदा दूर करण्यापूर्वी, बदलून ‘दिवस’ असा करण्यात आला, आणि तीत ९.० विरुद्ध ६.७ असा फरक आला. दोन्ही चाचण्या एकत्र केल्या असता ८.४ विरुद्ध ६.६ असे प्रमाण पडते. या पुराव्यावर ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकन प्रशासनाने क्रॉनिक मायग्रेनसाठी या विषास मान्यता दिली.

या बदलाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. टीकाकार म्हणतील की खेळ संपत आला असता नियम बदलले गेले. त्यांच्या संशयाला बळ देणारी एक गोष्ट त्याच वर्षी घडली. मान्यता मिळण्याच्या जेमतेम दीड महिना आधी, सप्टेंबर २०१० मध्ये, या औषधाच्या उत्पादक कंपनीने अमेरिकन सरकारशी तडजोड करून ६० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. मान्यता नसलेल्या उपयोगांसाठी औषधाचा प्रचार केल्याचा आरोप तिच्यावर होता आणि त्या उपयोगांत डोकेदुखीचाही समावेश होता. तथापि व्यापाराचा हेतू अशुद्ध असला म्हणून निकष आपोआप चुकीचा ठरत नाही. निकषाचा निर्णय निकषाच्याच अर्थावरून केला पाहिजे.

‘झटका’ हे नाम गृहीत धरते की वेदनेला आरंभ आहे, शेवट आहे, आणि दोन झटक्यांच्या मधे मोकळी जागा आहे. ज्याला महिन्यातून तीनदा अर्धशिशी उठते त्याच्या अनुभवाला हे नाम चपखल बसते. परंतु महिन्यातील वीस-वीस दिवस ज्याचे डोके दुखते त्याला एक झटका कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे सांगणे दुरापास्त असते. या चाचण्यांत सलग चार तास किंवा अधिक टिकलेल्या डोकेदुखीस झटका म्हटले होते. समजा, एका स्त्रीचे डोके सोमवारी सकाळपासून बुधवारी रात्रीपर्यंत अखंड दुखत राहिले. तो एक झटका झाला. उपचारानंतर तिचे डोके सोमवारी सकाळी पाच तास आणि बुधवारी संध्याकाळी पाच तास दुखले, मंगळवार मोकळा गेला. हे दोन झटके झाले. ‘झटका’ या नामाने मोजले तर तिची प्रकृती दुपटीने बिघडली. तिला विचारले तर ती देवाचे आभार मानील. मोजण्याचे एकक वेदनेच्या स्वरूपावर अवलंबून असले आणि उपचार ते स्वरूपच पालटीत असला, तर मोजणी निरर्थक होते. या दृष्टीने ‘झटका’ टाकून देणे योग्यच होते असे म्हणावे लागते.

‘दिवस’ हे नाम याच्या अगदी उलट आहे. ते वेदनेतून घेतलेले नाही. पंचांगातून घेतलेले आहे. मध्यरात्री सुरू होऊन मध्यरात्री संपणारा दिवस, आणि त्यात सलग चार तास डोके दुखले की तो ‘डोकेदुखीचा दिवस’. हे एकक पक्के आहे, रुग्णाच्या स्मृतीवर फारसा भार टाकीत नाही, दोन देशांतील नोंदी शेजारी शेजारी ठेवू देते. त्याचे गुण ते हेच. आणि दोषही नेमके त्यातूनच निघतात. वेदना मुळी कशी होती हे त्यात उमटत नाही. वीस दिवस अंधाऱ्या खोलीत पडून काढणारा मनुष्य उपचारानंतर वीस दिवस डोके जरासे जड घेऊन कामावर जाऊ लागला, तरी दिवसांच्या हिशेबात त्याला काडीचाही गुण आलेला नसतो. आता, चाचणीच्या लेखकांनी तीव्र दिवस वेगळे मोजले होते आणि दैनंदिन जीवनावरील परिणामासाठी सहा प्रश्नांची एक प्रश्नावलीही वापरली होती, हे त्यांच्या पक्षी नमूद केले पाहिजे. त्या प्रश्नावलीत गंभीर वर्गात मोडणाऱ्यांचे प्रमाण चोवीस आठवड्यांनंतर विष घेणाऱ्यांत ६७.६ टक्के आणि पाणी घेणाऱ्यांत ७८.२ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरतो. पण त्याच आकड्याचे दुसरे वाचन असे की उपचार घेऊनही तीनांपैकी दोघांचे जगणे गंभीर वर्गातच राहिले. दिवस निम्म्याने किंवा अधिक घटलेल्या रुग्णांचे प्रमाण ४७.१ विरुद्ध ३५.१ टक्के होते. उपचाराचा प्रचार करणारे साहित्य पहिल्या आकड्यावर थांबते. दुसऱ्याचे, म्हणजे नुसत्या पाण्याने शंभरांतील पस्तीस जणांना निम्मा गुण आला याचे, स्पष्टीकरण मागत नाही. त्यात सुईचा विश्वास आहे, विकाराचा स्वाभाविक चढउतार आहे. आणि रोज रात्री नोंदवही उघडून वेदनेला चौकट घालण्याचाही काही वाटा असू शकेल. शिवाय ज्यांचे कपाळ भुवया उंचावूनही हलत नाही, त्यांना आपण कोणत्या बाजूचे आहोत हे कळून चुकण्याचा संभव असतो. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ मधील समीक्षेने उपलब्ध चाचण्या तपासून विषाचा निव्वळ लाभ महिन्याला सुमारे दोन मायग्रेनदिवस इतका धरला. दोन दिवस हे थोडे नव्हेत. मात्र त्यास चमत्कार म्हणता येत नाही.

याहूनही अधिक गोंधळ ‘क्रॉनिक’ या विशेषणाने माजविला आहे. वैद्यकीय मराठीत त्याचा अनुवाद ‘जुनाट’ असा रूढ आहे, आणि सांधेदुखी किंवा खोकला यांच्या बाबतीत तो बिनचूकही आहे. परंतु डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात क्रॉनिक मायग्रेन याचा अर्थ तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातील पंधरा किंवा अधिक दिवस डोकेदुखी, आणि त्यांपैकी निदान आठ दिवस मायग्रेनची लक्षणे, असा केलेला आहे. म्हणजे येथे ते विशेषण वयाचे नसून दाटीचे आहे. ज्या गृहस्थास वीस वर्षांपासून महिन्याला चार दिवस अर्धशिशी उठते तो स्वतःच्या दुखण्यास निःशंकपणे जुनाट म्हणेल, आणि या परिभाषेत ते क्रॉनिक नाही. उलट गेल्या दिवाळीपासूनच पंधरा-पंधरा दिवस डोके धरून बसणाऱ्या मुलीचे दुखणे नवे आहे, आणि ते क्रॉनिक आहे. हा भेद शाब्दिक कीस नव्हे, कारण मान्यता आहे ती केवळ क्रॉनिक प्रकारासाठी. महिन्यातून पंधरा दिवसांपेक्षा कमी दिवस उठणाऱ्या मायग्रेनवर या विषाचा उपयोग सिद्ध झालेला नाही. ‘तुमची डोकेदुखी जुनाट आहे का?’ असा प्रश्न मराठीत विचारला गेला तर ‘होय’ म्हणणारे आणि उपचारास पात्र असणारे हे दोन वेगळेच समूह निघतील. ‘महिन्यातले किती दिवस डोके अजिबात दुखत नाही?’ हा प्रश्न ओबडधोबड असला तरी त्याचे उत्तर उपयोगी पडते.

एकदा ‘दिवस’ हे नाम गादीवर बसले की ते निदानापुरते थांबत नाही, प्रशासनातही उतरते. इंग्लंडमध्ये सार्वजनिक खर्चाने कोणते उपचार द्यावेत हे ठरविणाऱ्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये या विषास संमती दिली ती अटींसह. निदान तीन प्रतिबंधक औषधे निष्फळ ठरलेली असली पाहिजेत आणि वेदनाशामकांच्या अतिवापराचा बंदोबस्त झालेला असला पाहिजे. पुढे, दोन फेऱ्यांनंतर डोकेदुखीचे दिवस ३० टक्क्यांनी घटले नाहीत तर उपचार थांबवावा. आणि सलग तीन महिने ते पंधरांच्या खाली राहिले तरीही थांबवावा. गुण न आल्यास सुया बंद, पुरेसा गुण आल्यासही बंद. सार्वजनिक पैशाचा हिशेब कोठेतरी रेषा ओढणारच, यात वावगे काही नाही. परंतु नोंदवहीत चौदावा की पंधरावा दिवस धरावा, चार तास खरोखर सलग होते की मधे अर्धा तास झोप लागली, या बारकाव्यांवर एखाद्या रुग्णाचे पुढील तीन महिने अवलंबून राहतात, आणि रुग्णाला ते ठाऊक असते. ज्या नोंदीचा उपयोग लिहिणाऱ्याच्या हिताचा निर्णय करण्यासाठी होणार आहे ती नोंद नुसते वर्णन राहत नाही. ती अर्ज होते.

या सर्व मोजणीच्या बाहेर राहिलेला एक अभ्यास येथे विशेष विचारात घेण्यासारखा आहे. रामी बर्स्टिन या वेदनाशास्त्रज्ञाच्या गटाने २००६ साली, म्हणजे प्रीएम्प्टचे निकाल येण्यापूर्वी, ‘पेन’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्यात ६३ रुग्ण होते. ३९ जणांना या विषाने गुण आला होता, २४ जणांना आला नव्हता. अभ्यासकांनी दिवस मोजलेच, पण त्याशिवाय रुग्णांना वेदनेची दिशा विचारली. आतून दाब वाढत जाऊन डोके बाहेरच्या बाजूस फुटू पाहते, की बाहेरून कोणी डोके चिरडते, आवळते? तिसरा एक गट डोळ्याच्या वेदनेचा होता. गुण आलेल्या ३९ पैकी ३४ जणांनी आवळणारी किंवा डोळ्याची वेदना सांगितली. गुण न आलेल्या २४ पैकी २२ जणांनी फुटणारी वेदना सांगितली. अभ्यासकांचा तर्क असा की फुटण्याची जाणीव कवटीच्या आतील आवरणांच्या तंतूंतून येते आणि आवळण्याची जाणीव कवटीबाहेरील तंतूंतून. सुई बाहेरच टोचली जाते, म्हणून बाहेरच्या वेदनेस ती अधिक लागू पडते. पुढे उंदरांवरील संशोधनात काही वेदनातंतू कवटीच्या शिवणींतून आतून बाहेर येतात असे दिसले, त्यामुळे आत-बाहेरचा हा भेद पूर्वी वाटला तितका काटेकोर राहिला नाही.

अभ्यास लहान आहे. त्यात मिठाच्या पाण्याची तुलना नाही. आणि गुण आलेला मनुष्य पूर्वीच्या वेदनेचे वर्णन आताच्या समाधानातून करतो की काय, अशीही शंका घेता येते. शब्दार्थाच्या दृष्टीनेही त्यात एक खटकणारी जागा आहे. डोळ्याची जी वेदना तेथे नोंदली आहे ती डोळा बाहेर निघून येतो की काय अशा स्वरूपाची आहे. म्हणजे तिची दिशा बाहेरचीच. तरीही ती पडते आवळणाऱ्यांच्या पंक्तीस. तेव्हा कसोटी दिशेची आहे की जागेची, हे त्या वर्गीकरणातून निःसंदिग्धपणे समजत नाही. हे सारे दोष मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. रुग्णाने वापरलेल्या क्रियापदावरून उपचाराच्या फलाचे काही अनुमान बांधता येईल, अशी शक्यता येथे प्रथमच आकड्यांनी पुढे आली. आणि पुढच्या मोठ्या चाचण्यांच्या मुख्य निकषात, वर्गीकरणात, किंवा पात्रतेच्या अटींत या क्रियापदाला जागा मिळाली नाही. वर्गीकरण वेदना एका बाजूस आहे का, ठणकणारी आहे का, मध्यम वा तीव्र आहे का, चालण्याने वाढते का, हे विचारते. आतून की बाहेरून हे विचारीत नाही. रोनाल्ड मेल्झॅक याने १९७५ मध्ये वेदनेच्या ७८ इंग्रजी शब्दांचे वीस गट पाडून जी प्रसिद्ध प्रश्नावली तयार केली तीत आवळण्याच्या आणि ओढण्याच्या शब्दांना वेगवेगळे गट आहेत. म्हणजे साधन हाताशी होते. त्याचा उपयोग झाला नाही याचे कारण बहुधा असे की दिवसांची बेरीज-वजाबाकी होते, क्रियापदाची होत नाही.

तथापि ही कसोटी कोणी मराठीत आणू म्हणेल तर त्याने जपून पाऊल टाकले पाहिजे. मराठीत ‘डोके फुटते आहे’ हे वाक्य दिशादर्शक राहिलेलेच नाही. ते तीव्रतेचे रूढ वाक्य झाले आहे. कोणत्याही असह्य डोकेदुखीला, एवढेच काय, शेजारच्या लाउडस्पीकरलाही ते लावतात. त्याच्या जोडीला ‘शिरा तटतटतात’, ‘डोके भणभणते’, ‘डोके उठले आहे’ ही वाक्ये आहेत. आणि यांतील बहुतेकांचा कल आतून बाहेर असा आहे. उलट दिशेसाठी तितकी सहज वाक्ये मिळत नाहीत. याला व्याकरणाचेही कारण आहे. ‘फुटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. डोके हाच त्याचा कर्ता, आणि फोडणारा कोणी लागत नाही. ‘आवळणे’, ‘चेपणे’, ‘पिळणे’ ही सकर्मक आहेत. त्यांना कोणी तरी कर्ता हवा. तो प्रत्यक्षात नसल्यामुळे बोलणाऱ्यास ‘कोणी तरी आवळते आहे’ अशी कल्पित व्यक्ती उभी करावी लागते, किंवा ‘आवळल्यासारखे वाटते’ असा उपमेचा आश्रय घ्यावा लागतो. एका बाजूस दोन शब्दांचे तयार वाक्य, दुसऱ्या बाजूस रचून काढावयाची उपमा. वेदनेने शिणलेला मनुष्य यांतून कोणते निवडील हे सांगावयास नको. ‘डोके फुटते की आवळते?’ असा प्रश्न विचारणारी प्रश्नावली मराठी भाषकांच्या अर्धशिशीचे नव्हे, तर मराठीच्या वाक्प्रचारांचे सर्वेक्षण करील. आणि त्या आधारावर एखाद्यास ‘तुम्हाला हा उपचार लागू पडणार नाही’ असे सांगितले गेले तर तो अन्याय होईल.

मार्ग नाही असे नव्हे. दोन्ही बाजूंस सारखीच उपमा दिली म्हणजे व्याकरणाचा तोल साधतो : उकळत्या भांड्यावरचे झाकण उडू पाहावे तसे, की अडकित्त्यात सुपारी धरावी तसे? किंवा शब्द टाळून हाताच्या खुणेने दाखवावयास सांगावे. कानशिलांपासून बोटे बाहेर उघडत नेणारा आणि दोन्ही तळव्यांनी डोके दाबून धरणारा यांच्यातील फरक कोणत्याही बोलीत ओळखू येतो. तिसरा एक प्रश्न घरोघरच्या सवयीतून मिळतो. डोके दुखू लागले म्हणजे कपाळाला फडके घट्ट बांधण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. फडके बांधल्याने बरे वाटते, की ते सहनच होत नाही? या प्रश्नात रूपक नाही, उपमा नाही, कल्पित कर्ताही नाही. आतून फुटू पाहणाऱ्या डोक्यास बाहेरचा दाब आधार देईल आणि आवळल्या जाणाऱ्या डोक्यास तो अधिक जाचेल, अशी अपेक्षा करता येईल. पण येथेही एक अडचण आहे. मायग्रेनच्या झटक्यात पुष्कळ रुग्णांची त्वचाच इतकी हुळहुळी होते की केसांतून फणी फिरविणेही नकोसे होते; अशा रुग्णास फडके सोसणार नाही, मग त्याची वेदना कोणत्याही दिशेची असो. तेव्हा फणीचा प्रश्न आधी आणि फडक्याचा नंतर विचारावा लागेल, आणि ज्यांना फणी सोसते त्यांचीच फडक्याविषयीची उत्तरे दिशेसाठी ग्राह्य धरावी लागतील.